वाट पाहणे आणि वेळ पाहणे

२२ सप्टेंबर २०२५ ला घटस्थापना होती. सातारा जिल्ह्यातल्या आमच्या मलकापुरात घरोघर घट बसत होते आणि त्याच दिवशी आमच्या मंडळीतल्या बऱ्याच जणांच्या मोबाईलवर एक चित्रफीत फिरत होती. दक्षिण आफ्रिकेतल्या एका माणसाने सांगितले होते की २३ किंवा २४ तारखेला प्रभू येशू येईल आणि आपल्या लोकांना पृथ्वीवरून उचलून घेईल. जगभर पसरलेले ते बोलणे आमच्यापर्यंत हिंदीतून पोहोचले. त्याच दिवसांत सोलापूर जिल्ह्यात सीना नदीने पात्र सोडले. माढा, मोहोळ तालुक्यांतल्या गावांत पाणी शिरले, गोठ्यातली जनावरे गेली, उभी पिके सडली. २४ तारीख आली तशी गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच गटावर नवा संदेश होता: तारीख पुढेमागे झाली असेल, पण सोलापूरचा पूर पाहा, खुणा पुऱ्या होत आहेत, तयार राहा.

पहिल्या संदेशाने मी अस्वस्थ झालो नव्हतो. दुसऱ्याने झालो. शेजारच्या जिल्ह्यातला शेतकरी लेकराबाळांसह रात्र जागून काढत होता आणि आमच्यातल्या काहींना त्याचे संकट कॅलेंडरवरची फुली वाटले. ती फुली मारताना भाषा मात्र प्रार्थनेची होती.

पुढच्या आठवड्यात या प्रकाराची चेष्टा करणारे पुष्कळ बोलले गेले, लिहिले गेले. तारीख सांगणारे आणि चेष्टा करणारे एकमेकांचे विरोधक दिसतात. माझ्या मते दोघांचे गृहीतक एकच आहे. ख्रिस्ताचे येणे हा तारखेचा प्रश्न आहे, असे दोघेही धरून चालतात. एकाच्या मते ती तारीख काढता येते. दुसऱ्याच्या मते इतक्या तारखा हुकल्या, त्याअर्थी येणारा कोणी नाही. अमेरिकेत २२ ऑक्टोबर १८४४ ला विल्यम मिलरचे अनुयायी आकाशाकडे डोळे लावून जागले. २१ मे २०११ ला हॅरल्ड कॅम्पिंगच्या श्रोत्यांची तीच गत झाली. या इतिहासातून दोन्ही बाजू आपापला धडा काढतात. माझा विरोध गृहीतकालाच आहे. ख्रिस्ती आशा तारखेवर कधी उभीच नव्हती. तिला तारखेवर उभी करणारी जी शिकवण गेल्या दोनशे वर्षांत रुजली, तिने या आशेचे तोंडच उलट दिशेला फिरवले आहे.

बाकीच्या आक्षेपांना मी फार जागा देणार नाही. एवढ्या काळात आला नाही तो आता काय येणार, हा प्रश्न पेत्राच्या दुसऱ्या पत्रातच नोंदलेला आहे; मंडळीने तो तेव्हाच ऐकला आणि तरीही वाट पाहणे सोडले नाही. ही आशा म्हणजे गरिबांची अफू आहे असे म्हणणाऱ्याने मिरजेला जाऊन डॉ. वॉनलेस यांनी १८९४ मध्ये सुरू केलेले रुग्णालय पाहावे. अफूच्या गुंगीत माणसे असली कामे उभी करत नाहीत. पुनरागमन हे केवळ रूपक आहे असे मानणाऱ्यांना मी एवढेच विचारतो, की लेकराच्या कबरीवर माती लोटणाऱ्या आईच्या हातात ते रूपक ठेवून पाहा, तिला ते पुरते का. आणि कल्कीशी तुलना करणाऱ्यांना सांगतो, की युगांचे चाक फिरून जो येतो त्याची पाळी ठरलेली असते. ख्रिस्ताच्या येण्याला पाळी नाही.

मला झगडायचे आहे ते घरातल्याच एका शिकवणीशी. ती अशी: ख्रिस्त आधी गुपचूप येईल, खऱ्या विश्वासणाऱ्यांना हवेत उचलून घेईल, मागे राहिलेल्या जगावर सात वर्षे भयंकर संकट कोसळेल, मग तो उघडपणे येईल. इंग्रजी शब्द आता आमच्याकडेही रुळला आहे, रॅप्चर. मराठीत आम्ही म्हणतो मंडळीचे उचलले जाणे. पुष्कळांना वाटते की ही शिकवण प्रेषितांपासून चालत आली. तशी ती नाही. जॉन नेल्सन डार्बी या आयर्लंडमधल्या धर्मोपदेशकाने १८३० च्या आसपास तिला आकार दिला. १९०९ मध्ये स्कोफिल्डचे टिपांसह बायबल निघाले आणि ती घराघरांत गेली. वर वचन, खाली टीप. वाचणाऱ्याची नजर वरखाली होता होता टीपही वचनाइतकीच पवित्र वाटू लागली. अमेरिकन मराठी मिशनची पहिली माणसे १८१३ मध्ये मुंबईत उतरली, तेव्हा ही शिकवण जन्मलीही नव्हती. त्यांनी मराठी माणसाला शुभवर्तमान सांगितले ते उचलले जाण्याच्या वेळापत्रकाशिवाय.

ही शिकवण मानणारी माणसे माझ्या आदराची आहेत, हे आधी सांगतो. उपासनेला सर्वांत आधी येणारी, दशांश न चुकवणारी, आजाऱ्याच्या उशाशी रात्र काढणारी माणसे बहुधा तीच असतात. माझे स्वतःचे बालपण याच शिकवणीत गेले. शाळेतून आल्यावर घर रिकामे दिसले, की सगळे वर गेले आणि मी एकटाच खाली राहिलो, या भीतीने मी अंगणात रडत उभा राहिल्याचे मला आठवते. ती भीती कोणी दुष्टपणाने घातली नव्हती. पण ती भीती होती, आशा नव्हती. नव्या करारातली मंडळी ज्या आतुरतेने प्रभूला ये म्हणते, तिच्यात असे रडणे मला कुठेच सापडलेले नाही.

आता वचनाकडे येतो. उचलले जाण्याचा सगळा डोलारा ज्या एका जागेवर उभा आहे, ती म्हणजे पौलाच्या थेस्सलनीकाकरांस पहिल्या पत्राचा चौथा अध्याय. विश्वासणारे मेघांमध्ये प्रभूला भेटायला घेतले जातील, असे तिथे आहे. ते मी नाकारत नाही. प्रश्न एवढाच, की भेटल्यावर कुठे जायचे? भेटण्यासाठी पौलाने जो ग्रीक शब्द वापरला, तो अपांतेसिस. नव्या करारात तो आणखी दोन प्रसंगी येतो. मत्तयात दहा कुमारी वराला भेटायला बाहेर पडतात आणि शहाण्या कुमारी त्याच्यासोबत लग्नघरात परततात. प्रेषितांच्या कृत्यांच्या शेवटच्या अध्यायात रोममधले बंधू पौलाला भेटायला अप्पियाच्या पेठेपर्यंत आणि तीन उतारशाळांपर्यंत चालत येतात, आणि त्याला घेऊन रोमलाच माघारी जातात. पाहुणा ज्या गावाला निघाला आहे त्याच गावची माणसे पुढे होऊन त्याला भेटतात आणि मानाने आत आणतात, असा या शब्दाचा वापर आहे.

मराठी माणसाला हे समजायला ग्रीकची गरज नाही. आपल्या लग्नात सीमांतपूजन असते. आज ते कार्यालयाच्या दारात उरकते, पण नावातच अर्थ शाबूत आहे: वर गावाच्या शिवेवर आला की मुलीकडचे तिथवर जाऊन त्याची पूजा करायचे. शिवेवरून वऱ्हाड वराच्या गावी परत फिरले, असे कोणत्याही लग्नात झालेले नाही. सगळे मांडवाकडे येतात. आमच्या सातारा जिल्ह्यात ज्ञानेश्वर महाराजांची पालखी नीरा ओलांडून लोणंदला, तरडगावला, फलटणला येते. गाव वेशीवर जाते ते पालखी घेऊन गावात यायला. या कृतीला आपल्या भाषेत नेमका शब्द आहे, सामोरे जाणे. थेस्सलनीकाच्या मंडळीला पौल सांगतो आहे की तुम्ही राजाला सामोरे जाल, आणि मेलेले आधी उठतील, म्हणून त्यांच्यासाठी आशा नसलेल्यांसारखे रडू नका. त्या अध्यायाचा विषय सुटका नाहीच. विषय आहे मेलेल्यांची चिंता.

एका शब्दावर सिद्धांत उभा राहत नाही, हे मला मान्य आहे. हा शब्द दरवेळी याच अर्थाने येतो का, यावर अभ्यासकांत वाद आहे, तोही मला ठाऊक आहे. पण समोरच्या बाजूने सात वर्षांचे वेळापत्रक ज्या आधारावर रचले, त्याहून हा आधार कितीतरी भक्कम आहे.

दुसरी जागा जात्याची. दोघी जात्यावर दळत असतील. एक घेतली जाईल, एक ठेवली जाईल, असे येशू सांगतो. लहानपणी मला शिकवले गेले की घेतली गेली ती भाग्यवान, ठेवली गेली ती अभागी. मत्तयाचा चोविसावा अध्याय काही ओळी आधीपासून वाचला तर वेगळेच दिसते. येशू नोहाच्या दिवसांची आठवण देतो. पूर आला आणि सर्वांना घेऊन गेला. त्या दृष्टांतात घेऊन जाणारा पूर आहे आणि मागे राहिला आहे नोहा. मूळ ग्रीकमध्ये दोन्हीकडे क्रियापद एकच नाही, म्हणून मी हा अर्थ अंतिम मानत नाही. तरी पुराच्या दाखल्यानंतर लगेच येणारे हे वाक्य ऐकताना, वाहून न जाता जमिनीवर राहणे हीच कृपा होती, हे कृष्णाकाठच्या माणसाला कळायला हवे. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीने आणि पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळने पूर माणसे कशी घेऊन जातो ते पाहिले आहे.

तिसरी गोष्ट दिशेची. प्रकटीकरणाच्या शेवटच्या दोन अध्यायांत कोणी वर जात नाही. नगरी खाली उतरते. देवाचा मंडप माणसांमध्ये येतो. पृथ्वी जळून खाक होणार असे सांगताना पेत्राच्या दुसऱ्या पत्राचा तिसरा अध्याय नेहमी काढला जातो. पण तिथे आपण जिथे जळून जाईल असे वाचतो, तिथे सर्वांत जुन्या हस्तलिखितांत सापडेल, उघडे पडेल अशा अर्थाचे क्रियापद आहे. धातू भट्टीत घालतात तो नाहीसा करायला नव्हे, त्यातला कस बाहेर काढायला. रोमकरांस पत्रातली सृष्टी वेणा देत कण्हते आहे. वेणा मरणाच्या नसतात. ज्या जगासाठी देवाने आपला पुत्र दिला, ते जग तो अखेरीस टाकून देणार असेल, तर वधस्तंभाचा अर्थच उरत नाही.

आणि मग खुणा. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला. पावणेदोनशेच्या आसपास माणसे गेली. इथून कोयनानगर फार लांब नाही. आमच्या भागातल्या म्हाताऱ्या माणसांच्या वयाचा हिशेब अजून त्या पहाटेवरून होतो. आदल्या दिवशी आगमनकाळातला दुसरा रविवार होता. प्रभूच्या येण्याची प्रार्थना करून मंडळी घरी परतल्या होत्या आणि पहाटे भिंती अंगावर आल्या. शिवाजीसागरात साठलेल्या पाण्याचा आणि त्या भूकंपाचा संबंध भूशास्त्रज्ञांनी पुढे जगाला सांगितला. भूकंप म्हणजे अंताची खूण, असे मानणाऱ्याला विचारावेसे वाटते: ही खूण देवाने दिली की धरणाच्या पाण्याच्या दाबाने? ढिगाऱ्याखाली गेलेले मूल कोणाच्या वेळापत्रकासाठी गेले? येशूने लढाया आणि भूकंपांची नावे घेतली ती घाबरू नका, एवढ्यात शेवट नाही, हे सांगण्यासाठी. आपण त्यातली नावे ठेवली आणि सांगणे पुसले. शिलोहाचा बुरूज कोसळून अठरा जण मेले तेव्हा त्याला त्या मरणाचा अर्थ लावायची संधी होती. मेलेल्यांविषयी निष्कर्ष काढायला त्याने साफ नकार दिला आणि जिवंतांना स्वतःकडे पाहायला सांगितले. दुसऱ्याच्या मरणाची फुली करणे त्याने आपल्या शिष्यांना शिकवलेले नाही.

या आशेने जगणारी माणसे कशी दिसतात ते पाहायला आपल्याला परदेशी जावे लागत नाही. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये १९०५ साली पुनरुज्जीवनाची लाट आली. बाहेर जगभर अशा लाटांबरोबर शेवट जवळ आल्याची भाषा चालू होती. त्याच मुक्तीत पंडिता रमाबाई दुष्काळातून आणलेल्या मुलींना शेती, विणकाम, छपाई शिकवत होत्या आणि हिब्रू-ग्रीकवरून बायबलचे सोप्या मराठीत भाषांतर करत होत्या. ५ एप्रिल १९२२ ला त्या गेल्या, तोवर ते काम हातात होते. १९२१ मध्ये त्यांची मुलगी मनोरमा गेली तरी ते थांबले नाही. मुक्तीतल्या बायकांनी त्या बायबलचे खिळे स्वतः जुळवले. उद्या सोडून जायच्या जगासाठी कोणी खिळे जुळवत नाही. ज्याला येणाऱ्याच्या हाती काहीतरी द्यायचे असते, तोच असे काम करतो.

रेव्हरंड नारायण वामन टिळक १९१७ मध्ये साताऱ्याला आले, तेव्हा त्यांचे वय पन्नाशीपुढे गेले होते आणि मिशनची चाकरी त्यांनी सोडली होती. साताऱ्यात त्यांनी देवाचा दरबार मांडला, बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांना एकत्र बसवण्यासाठी. ९ मे १९१९ ला ते गेले. दरबार नीट उभाही राहिला नव्हता. ‘ख्रिस्तायन’ अपुरे होते, ते लक्ष्मीबाईंनी पुढे नेले. दरबार हा शब्द मला फार मोलाचा वाटतो. दरबार राजाच्या गावात भरतो. राजा येणार म्हणून आधी सतरंजी घालणाऱ्याची ती वृत्ती आहे. आणि आपल्या काळात फादर फ्रान्सिस दिब्रिटो दर रविवारी वेदीवर उभे राहून ख्रिस्त पुन्हा येईल असे म्हणत होते आणि खाली उतरून वसईच्या विहिरी, झाडे, शेते वाचवण्यासाठी लोकांबरोबर रस्त्यावर बसत होते. या दोन गोष्टींत त्यांना विसंगती वाटली नाही, कारण ती नाहीच.

मराठी मंडळीच्या इतिहासात आणखी एक गोष्ट आहे आणि ती उचलले जाण्याच्या शिकवणीत कधी बसत नाही. आमच्यातले बहुसंख्य लोक गावकुसाबाहेरून आले. महारवाड्यातून, मांगवाड्यातून. गावाच्या वेशीतून आत जायला ज्यांना मज्जाव होता, त्यांना शुभवर्तमानाने सांगितले की येशू स्वतः वेशीबाहेर मारला गेला. इब्री लोकांस पत्राच्या शेवटच्या अध्यायात हे स्पष्ट आहे. मग सामोरे जाण्याचे चित्र पुन्हा एकदा पाहा. राजा रस्त्याने येतो आहे. वेशीच्या आत राहणाऱ्यांना बाहेर यावे लागेल. वेशीबाहेर राहणारे आधीच रस्त्यावर आहेत. पहिली भेट त्यांची होईल, आणि त्यांना सोबत घेऊनच तो वेशीतून आत शिरेल. न्याय करायला येईल असे आपण विश्वासांगीकारात म्हणतो त्याचा माझ्यापुरता अर्थ हा आहे. पिढ्यान् पिढ्या गावाबाहेर ठेवलेल्या माणसाला, तुला आम्ही गावातून आणखी वर, आकाशात नेऊन ठेवतो, असे सांगणे हा न्याय नाही. न्याय गावातच व्हायला हवा. ज्या चावडीसमोर माझ्या पणजोबांना पायातले काढून हातात घ्यावे लागले, त्या चावडीसमोर.

हे सगळे मला ज्या भेदापाशी आणते, तो आपल्या भाषेनेच करून ठेवला आहे. आपण येणाऱ्याची वाट पाहतो. वाट म्हणजे रस्ता. मराठीत प्रतीक्षा करणे म्हणजे रस्त्याकडे डोळे लावणे; शब्दात घड्याळ नाही. वेळ पाहणे ही वेगळी क्रिया आहे. गाडी पकडायची असते तेव्हा आपण वेळ पाहतो, आणि वेळ पाहणाऱ्याचे सामान बांधलेले असते. वाट पाहणाऱ्याचे घर लावलेले असते. उचलले जाण्याच्या शिकवणीने मंडळीला वाट सोडून वेळ पाहायला लावले. तारखा चुकल्या हा तिचा दोष दुय्यम आहे. एखादी तारीख योगायोगाने बरोबर आली, तरीही ती माणसे चुकीच्या दाराशी सामान घेऊन उभी असतील.

पुनरागमन या शब्दाचाही इथे थोडा घोटाळा होतो. गणपतीच्या विसर्जनामुळे हा शब्द आपल्या कानाला वर्षाच्या ठरल्या फेरीसारखा ऐकू येतो. नव्या करारात जो ग्रीक शब्द बहुतेक ठिकाणी आहे, परूसिया, त्यात पुन्हा हा भाग नाही. त्याचा अर्थ येणे आणि जवळ असणे, दोन्ही एकदम. पौलाने करिंथकरांस पहिल्या पत्राच्या शेवटी एक अरामी उद्गार तसाच ठेवला आहे: मारानाथा. मराठी कानाला त्यात नाथा अशी हाक ऐकू येते. तो ध्वनीचा योगायोग आहे, पण मला प्रिय आहे. तो उद्गार एका जागी तोडला तर अर्थ होतो, आमचा प्रभू आला आहे. दुसऱ्या जागी तोडला तर, आमच्या प्रभो, ये. पहिल्या मंडळीने दोन्ही अर्थ एका श्वासात ठेवले. आलेल्याचीच वाट पाहायची असते; अनोळखी माणसाची कोणी पाहत नाही.

मलकापुरात राहणाऱ्याला हे पाण्यावरून सांगता येते. आमच्या गावाने चोवीस तास नळाला पाणी देण्याची योजना केली आणि तिचे नाव देशभर झाले. त्याआधी पाण्याची वेळ असे. त्या वेळेभोवती घर फिरे: हंडे, कळश्या, पिंपे, बादल्या सगळे भरून ठेवायचे, शेजारणीशी भांडायचे, आणि दुसऱ्या दिवशी नवे पाणी आले की उरलेले शिळे ओतून द्यायचे. पाणी कधीही येते म्हटल्यावर साठवण सुटली. वेळ ठाऊक असली की माणूस साठवतो, आपल्यापुरते बघतो. तारीख काढणारी भक्ती मला या साठवणीसारखी वाटते: माझे तारण, माझी जागा, माझे भरलेले पिंप. तो दिवस किंवा ती घटका कोणालाच ठाऊक नाही, पुत्रालाही नाही, असे येशूने सांगितले, ते आपल्याला अंधारात ठेवायला नव्हे. साठवण सुटावी आणि प्रत्येक घटका त्याच्यासाठी उघडी राहावी, म्हणून.

माझे वडील ट्रकवर ड्रायव्हर होते. पुणे–बंगळूर रस्त्यावर माल नेत. केव्हा परत येतील याचा भरवसा नसे. आमच्या घरात भिंतीवर घड्याळ होते, पण आई त्याच्याकडे पाहत नसे. दिवेलागणीला ती दाराशी पाय धुवायला पाण्याची बादली ठेवी, परातीत पीठ काढून वर ताट झाकी, तवा चुलीशी टेकवी. भाकरी मात्र करत नसे. भाकरी ते आल्यावर, गरम. त्या रात्री ते आले नाहीत तर बादलीतले पाणी सकाळी ती तुळशीला आणि शेजारच्या जनावरांना घाली, आणि संध्याकाळी पुन्हा भरी. आमचे ख्रिस्ती घर, तरी तुळस होती, आजीपासूनची. वाया गेले असे तिच्या तोंडून कधी आले नाही. तिच्या प्रत्येक वाट पाहण्यातून घर थोडे जास्त नीट होत गेले आणि शेजारच्या गोठ्याला पाणी मिळत गेले. पुनरागमनाची आशा म्हणजे काय, असे मला कोणी विचारले तर मी ती झाकलेली परात सांगेन.

मराठी मनाला देवाने वाट पाहण्याची सवय आहे. पुंडलिकाने थांब म्हटले आणि देव विटेवर थांबला. ख्रिस्ती माणूस देवाची वाट पाहतो, म्हणून हे दोन भाव उलटे आहेत असे मी बरीच वर्षे समजत होतो. आता तसे वाटत नाही. पेत्राच्या त्याच दुसऱ्या पत्रात उशिराचे कारण दिले आहे: कोणाचाही नाश होऊ नये म्हणून प्रभू धीर धरून आहे. म्हणजे जो काळ आपल्याला विलंब वाटतो, तो त्याचे वाट पाहणे आहे. लूकाच्या पंधराव्या अध्यायातला बाप आठवा. उधळा मुलगा अजून दूर होता तेव्हाच बापाला तो दिसला. रोज रस्त्याकडे पाहणाऱ्यालाच असे दिसते. आणि तो धावत सामोरा गेला. सामोरे जाणे ही आधी देवाची रीत आहे. त्या दिवशी आपण ती फक्त परत करणार आहोत.

त्या बापाने मुलाच्या येण्याची तारीख काढली नव्हती. त्याने मागे राहिलेल्या थोरल्यालाही बाहेर टाकले नाही. त्याच्याकडेही तो उठून बाहेर आला.

२७ सप्टेंबरच्या शनिवारी आमच्या मंडळीने पूरग्रस्तांसाठी धान्य आणि पांघरुणे गोळा केली. ज्यांनी तो पुराचा संदेश टाकला होता ते गृहस्थ सकाळी सर्वांत आधी आले. ज्वारीची दोन पोती त्यांनी स्वतःच्या घरून आणली होती. टेम्पोत माल रचताना ते माझ्याशी तारखेविषयी काही बोलले नाहीत, मीही विषय काढला नाही. टेम्पो महामार्गाला लागला तेव्हा ते रस्त्याच्या कडेला कपाळावर हात धरून, तो दिसेनासा होईपर्यंत पाहत उभे होते.